पॉवर स्टिअरिंगचं ऑइल बदलायचं की नाही? जुन्या गाडीवाल्यांनो, बोला

क्वालिसवाला

इंजिन ऑइलची तारीख सगळ्यांना तोंडपाठ असते. स्टिअरिंगच्या ऑइलचं विचारलं की समोरचा म्हणतो, "ते पण बदलायचं असतं का?" माझं म्हणणं सरळ आहे : बदलायचं असतं, आणि सोलापुरात तर नक्कीच. साधारण साठ हजार किलोमीटरला किंवा तीन-चार वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा.

हे फक्त बेल्टवरचा पंप आणि बॉनेटखाली ऑइलची डबी असलेल्या गाड्यांबद्दल आहे : क्वालिस, जुनी इनोव्हा, सुमो, बोलेरो, अ‍ॅक्सेंट. स्विफ्ट, वॅगन आर वाल्यांनी निवांत चहा घ्यावा, त्यांचं स्टिअरिंग मोटरवर चालतं, तिथे ऑइलच नाही.

आता मे महिन्यात पारा ४२ च्या वर, दुपारी मधला मारुतीच्या गर्दीत गाडी पार्किंगमध्ये घालतोय असं धरा. गाडी जागेवर, चाक मात्र पूर्ण फिरवायचंय. पंपावर सगळ्यात जास्त दाब अशाच वेळी येतो आणि ऑइल तापतं. वारा नाही, वेग नाही, गार व्हायला वाव नाही. हे वर्षानुवर्षं चाललं की ऑइल जळून काळं पडतं, पंपाची झीज त्यातच फिरत राहते. लिटरभर ऑइल काही शे रुपयांत येतं. रॅक (चाकं वळवणारा दांडा आणि त्याची नळी) किंवा पंप काढला की हजारांत जातं.

विजापूररोडचे अप्पा

चालतंय ना? मग हात लावू नका की ओ.

बऱ्याच गाड्यांच्या पुस्तकात एवढंच लिहिलेलं असतं : लेव्हल तपासा, कमी असेल तर भरा. बदला असं कुठे आहे? आमच्या शेजाऱ्यांनी गॅरेजवाल्याचं ऐकून सुमोचं ऑइल बदललं, पंधरवड्यात खालून गळायला लागलं. तोवर एक थेंब नव्हता. जुन्या सीलला (ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्याला) जुन्या ऑइलची सवय झालेली असते. नवं ऑइल आतला गाळ धुऊन काढतं आणि गाळानेच बुजलेली फट उघडी पडते. पैसे असतील तर आधी टायर बघा, ब्रेक ऑइल बघा.

क्वालिसवाला

अप्पा, गाळाने बुजलेली फट म्हणजे सील आधीच गेलेलं. ऑइलने ते फाडलं नाही, दाखवलं. पुस्तकाचं म्हणाल तर ते लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर नवी गाडी असते. गाडी वीस वर्षं चालवायची की नाही हे आपण ठरवायचं. शेजाऱ्यांचं ऑइल कसं काढलं होतं? मशीन लावून दाबाने फ्लश केलं, म्हणजे आतून धुऊन काढलं असेल तर दोष त्या पद्धतीचा आहे.

होटगीरोड_रायडर

अप्पांना उत्तर : ब्रेक ऑइल जसं हवेतलं पाणी ओढून घेतं तसंच हेही घेतं. म्हणून बदलावंच लागतं.

विजापूररोडचे अप्पा

नाही बे, असं ठोकून देऊ नको. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं, ते पाणी ओढतं. हे हायड्रॉलिक ऑइल आहे, ते तसं ओढत नाही. ते म्हातारं होतं ते उष्णतेने आणि घर्षणाने. बदला म्हणायचं तर निदान खरं कारण सांगून म्हणा.

क्वालिसवाला

इथे अप्पांचं बरोबर आहे, रायडर.

पाना_दहाअकरा

अक्कलकोट रोडला एमआयडीसीच्या बाजूला माझं छोटं गॅरेज आहे. दोघंही ऑइलवर भांडताय, जाळीचं कोणी नावच घेत नाही.

बहुतेक गाड्यांत ऑइलच्या डबीत तळाला बारीक जाळी असते. तीच फिल्टर. जुनी डबी काढून उजेडात धरली की तळाला काकवीसारखा काळा थर दिसतो, बोट लावलं की चिकटतं. निम्मी जाळी त्याने बुजलेली असते. पंपाला ओढायला ऑइल पुरत नाही, मग तो कुंईं करतो. डिसेंबरच्या सकाळी गाडी चालू केल्यावर मिनिटभर आवाज येतो आणि गरम झाली की बंद होतो ना, तो बऱ्याचदा याचाच. थंड ऑइल घट्ट, जाळीतून निघत नाही. मालक म्हणतो पंप गेला. पंप बदलून देणारे आहेतच. नव्या पंपाला ती बुजलेली जाळी लावली की काही महिन्यांत तोही ओरडतो.

जाळी डबीतच पक्की बसवलेली असते, स्क्रू ड्रायव्हरने उचकटायला जाऊ नका. एक तर डबी काढून धुऊन पूर्ण वाळवायची, नाहीतर अख्खी डबी नवी टाकायची. जुन्या काही मर्सिडीजमध्ये कागदी फिल्टर वेगळा असतो, स्प्रिंगखाली बसवलेला, तो चिमूटभर कामात बदलतो. आपल्याकडच्या गाड्यांना ते सुख नाही.

मशीनने दाब देऊन फ्लश करण्याला माझाही विरोध. जुन्या गाडीला सिरिंज बरी. डबीतलं ऑइल ओढायचं, नवं भरायचं, गाडी चालू करून स्टिअरिंग या टोकाकडून त्या टोकाकडे फिरवायचं. काही दिवस चालवून पुन्हा तेच. टोकाला नेऊन दाबून धरायचं नाही, चार-पाच सेकंदांच्या आत सोडायचं.

विजापूररोडचे अप्पा

सिरिंजने डबीतलंच निघणार, पाइपात आणि रॅकमध्ये जुनंच. अर्धवट काम.

क्वालिसवाला

हिशोब करा ना. समजा डबीत एकूण ऑइलच्या तिसरा हिस्सा मावतो. पहिल्यांदा ३३ टक्के नवं, दुसऱ्यांदा ५५, तिसऱ्यांदा ७० च्या पुढे. पूर्ण नाही, पण काळ्याचं लाल होतं. आणि हळूहळू होतं म्हणून तुमच्या त्या सीलनाही धक्का बसत नाही. पूर्णच हवं असेल तर परतीचा पाइप डबीपासून सोडून बाटलीत घ्यायचा, डबीचं ते तोंड बुचाने बंद करायचं, पुढची चाकं जॅकवर घेऊन एकाने स्टिअरिंग फिरवायचं. नंतर एअर नीट काढली नाही तर डबीत फेस दिसतो आणि आवाज पहिल्यापेक्षा जास्त. ते घरी करण्यापेक्षा पाना_दहाअकरांकडे जा.

जुळेसोलापूरची_ताई

मध्येच विचारते. सासऱ्यांची जुनी अ‍ॅक्सेंट आहे. दुकानदार म्हणतो लाल ऑइल सगळ्याला चालतं. चालतं का?

पाना_दहाअकरा

नाही ताई. रंगावर जाऊ नका, डबीच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचा. टोयोटाच्या क्वालिस-इनोव्हाला डेक्सरॉन एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल) चालतं, ते लाल. ह्युंदाईच्या जुन्या गाड्यांना पीएसएफ-३ (पीएसएफ म्हणजे पॉवर स्टिअरिंग फ्लुइड). होंडा स्वतःचंच पीएसएफ टाकायला सांगते. बऱ्याच जर्मन गाड्यांत हिरवं, ते लालमध्ये मिसळायचं नाही. आणि ब्रेक ऑइल तर चुकूनही नको, सीलचं रबर फुगून जातं आणि मग सगळंच काढावं लागतं. घाईत हातातली बाटली ओतून आलेले लोक बघितलेत.

ऑइल घ्यायच्या आधी एक बघा. पुढच्या चाकाच्या आत रॅकच्या टोकाला घड्या घड्यांचा रबरी बूट असतो. तो खालून दाबून बघा, आत ऑइल खेळतंय का.

होटगीरोड_रायडर

आणि काढलेलं ऑइल गटारात ओतू नका, गॅरेजच्या पिंपात द्या. आमच्या गल्लीत एकाने रस्त्यावर ओतलं, दोन स्कूटीवाल्या घसरल्या.

जुळेसोलापूरची_ताई

बघितलं. उजव्या बाजूचा बूट मऊ लागतोय, क्लिप थोडी सरकवली तर लाल थेंब खाली आला. लेव्हल पण दर महिन्याला कमी होते म्हणे, सासरे वरून भरत राहतात.

पाना_दहाअकरा

मग ऑइल आणूच नका ताई. रॅकचं सील गेलंय. आधी रॅक उतरवून सील किट टाका. रॅकच्या दांड्यावर गंज किंवा ओरखडा असेल तर नवं सीलही टिकणार नाही, तो तपासल्याशिवाय मिस्त्रीला बंद करू देऊ नका. डबी त्याच वेळी बदला. आणि झाकणावर काय लिहिलंय ते वाचा, सासरे वरून कोणतं ऑइल भरतात तेही त्यांना विचारा.

विजापूररोडचे अप्पा

हेच मी पहिल्यापासून म्हणत होतो.

क्वालिसवाला

नाही अप्पा. तुम्ही "हात लावू नका" म्हणत होता.