निम्म्या दराचे कूपन: छोट्या पार्लरने ते विकावे का?

प्रश्न: डोंबिवलीकर

मी डोंबिवली पूर्वेला गेली 9 वर्षे ब्यूटी पार्लर चालवते. तीन खुर्च्या आहेत, माझ्याखेरीज दोन मुली कामाला आहेत आणि बहुतेक गिऱ्हाइके आसपासच्या सोसायट्यांमधली, नावानिशी ओळखीची आहेत. मागच्या आठवड्यात ऑनलाइन सवलत कूपने विकणाऱ्या एका कंपनीचा प्रतिनिधी येऊन गेला. 1,000 रुपयांचे फेशियल त्यांच्या ॲपवर 500 रुपयांना विकायचे, त्यातले निम्मे त्यांचे आणि निम्मे माझे, असा त्याचा प्रस्ताव आहे. जाहिरातीला पदरचा एक पैसाही लागणार नाही, असे तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

शेजारच्या गल्लीतल्या नव्या पार्लरने असे कूपन ठेवले आहे आणि माझ्याकडे कित्येक वर्षे येणाऱ्या दोघी जणी तिकडे जाऊन आल्याचे मला कळले. वाईट वाटले, पण महागाईच्या दिवसांत त्यांना दोष तरी कसा द्यायचा? ही खरोखर जाहिरात आहे की नुसतीच स्वस्तात विक्री, आणि कूपन घेऊन आलेली बाई पुढच्या वेळी पूर्ण पैसे देऊन येते का, हे ज्यांनी स्वतः अनुभवले आहे त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर 1: पुण्याचा खाणावळवाला

ताई, मी 2013 साली हे केले आहे, म्हणून सविस्तर लिहितो. कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीत माझे 32 जणांचे थाळीचे उपाहारगृह होते. 180 रुपयांची थाळी कूपनावर 90 रुपयांना ठेवली. किती कूपने विकायची याची मर्यादा मी घातली नाही आणि ती कोणत्या वारी चालतील हेही लिहून घेतले नाही. या दोन्ही चुका माझ्याच होत्या.

पहिले दोन आठवडे फारसे कोणी आले नाही. लोक कूपन घेऊन ठेवतात आणि मुदत संपत आली की जागे होतात, हे मला ठाऊक नव्हते. शेवटच्या रविवारी पुरणपोळीचा बेत होता आणि साडेबारालाच दारात रांग लागली. दर रविवारी येणारे एक निवृत्त शिक्षक वीस मिनिटे उभे राहिले आणि काही न बोलता परत गेले. त्यानंतर ते दोन महिने आले नाहीत. आत वेगळाच प्रकार चालला होता. माझा वाढपी कूपनवाल्यांच्या टेबलाकडे दुसऱ्यांदा पोळी न्यायची टाळत होता. मी त्याला तसे सांगितले नव्हते, पण ‘हे निम्म्या पैशांत जेवणारे’ असे त्याच्या मनात बसले होते आणि ते पाहुण्यांना कळत होते. बोस्टन आणि हार्वर्डच्या संशोधकांनी 2012 च्या सुमारास अमेरिकेतले ग्राहकांचे अभिप्राय तपासले, तेव्हा कूपनाचा उल्लेख असलेल्या अभिप्रायांत दिलेले तारे सरासरी 10 टक्क्यांनी कमी निघाले. माझ्या वाढप्याचा हात मला आठवतो, त्यामुळे या आकड्याचे मला नवल वाटले नाही.

पूर्ण पैसे देऊन परत आलेले चेहरे मला हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच आठवतात. तरीही मी नाहीच म्हणा असे सांगणार नाही. माझे नुकसान कूपनामुळे झाले त्याहून अधिक, भरल्या पंगतीत कूपन घेतल्यामुळे झाले.

उत्तर 2: लेखापाल, ठाणे

आधी हिशेब मांडू. 500 रुपयांतले 250 कंपनीचे आणि त्या कमिशनवर 18 टक्के जीएसटी म्हणजे आणखी 45 रुपये. तो आपल्याच हिश्शातून कापला जाणार असेल तर आपल्या हाती 205 रुपये येतात. हे 45 रुपये परत मिळण्याची सोय नाही. क्रीम, पॅक, टॉवेलची धुलाई मिळून 150 रुपये धरले तर उरतात 55.

मंगळवारी दुपारी दोन वाजता खुर्ची रिकामीच राहणार असेल, तर हे 55 रुपये निव्वळ वाढीचे आहेत, कारण भाडे आणि मुलींचा पगार तसाही द्यायचाच आहे. पण एरवी 1,000 रुपये देणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकानेच ते कूपन घेतले, तर 850 च्या जागी 55 येतात आणि 795 रुपये जातात. म्हणजे असे एक जुने गिऱ्हाईक कूपनावर वळले की ते भरून काढायला रिकाम्या खुर्चीवर जवळजवळ 15 नवी गिऱ्हाइके बसावी लागतात. ओळखीच्या सोसायट्यांवर चालणाऱ्या पार्लरला खरा धोका इथे आहे, कारण ते ॲप आपल्या जुन्या गिऱ्हाइकांच्याही फोनमध्ये असतेच.

या व्यवसायाचा उगमही पाहण्यासारखा आहे. ग्रुपॉन ही अशी कूपने विकणारी अमेरिकन कंपनी नोव्हेंबर 2008 मध्ये शिकागोत सुरू झाली, तेव्हा पहिली सवलत त्यांच्याच इमारतीतल्या बारमधल्या पिझ्झाची होती: एकाच्या किमतीत दोन. पुरेसे लोक जमले तरच सवलत लागू, ही मूळ कल्पना होती आणि तिच्यात दुकानदाराला काही अर्थ होता. सोसायटीतल्या दहा घरांनी मिळून हापूसच्या पेट्या मागवल्या तर व्यापारी भाव कमी करतो, तसेच ते होते. पुढे ती अट नावापुरती उरली आणि सवलत तेवढी राहिली. आपल्याकडे स्नॅपडीलही 2010 मध्ये अशीच कूपने विकत सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी वस्तूंच्या विक्रीकडे वळली. ग्रुपॉनची भारतातली शाखा 2015 मध्ये निअरबाय झाली.

सवलत कोणाच्या खिशातून जाते, हा प्रश्न त्या प्रतिनिधीला अवश्य विचारा. सप्टेंबर 2013 मध्ये कांदा किरकोळ बाजारात साठ रुपयांच्या पुढे गेला असताना ग्रुपॉनने तो 9 रुपये किलोने विकला आणि 3,000 किलो कांदा 44 मिनिटांत संपला. तो तोटा कंपनीने स्वतः सोसला, म्हणून ती तिची जाहिरात होती. आपल्या फेशियलवरची सवलत मात्र आपण सोसणार आहात. ऑगस्ट 2019 मध्ये देशभरातल्या अनेक उपाहारगृहांनी झोमॅटो गोल्डसारख्या सवलत योजनांतून बाहेर पडण्याची मोहीम काढली, तिच्या मुळाशी हेच होते: ग्राहकांनी भरलेली वर्गणी कंपनीकडे जात होती आणि फुकटचे ताट उपाहारगृहाला वाढावे लागत होते.

आता दुसरी बाजू. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाचे उत्पल ढोलकिया यांनी 2010 मध्ये अशी सवलत दिलेल्या 150 व्यवसायांची पाहणी केली. 66 टक्क्यांना फायदा झाला, 32 टक्क्यांना झाला नाही आणि 40 टक्क्यांहून अधिक जण पुन्हा अशी सवलत द्यायला तयार नव्हते. सेवा व्यवसायांत उपाहारगृहांची अवस्था सर्वांत वाईट होती, तर पार्लर आणि स्पा यांना ती तुलनेने मानवली. सवलत यशस्वी होण्यात दुकानातल्या कामगारांच्या समाधानाचा वाटा मोठा असतो, असेही त्यांना आढळले. पुण्याच्या मित्रांनी वाढप्याबद्दल जे लिहिले आहे ते याच्याशी जुळते. तेव्हा निर्णय घेण्याआधी आपल्या दोन्ही मुलींशी बोला आणि वाढलेल्या कामाचा काही हिस्सा त्यांनाही द्या.

उत्तर 3: कल्याणची ग्राहक

मी अशी कूपने घेते, म्हणून गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहिते. पूर्वी मी पार्लर ठरवून मग दर विचारत असे. आता आधी सवलत शोधते आणि ती जिथे असेल तिथे जाते. अशा रीतीने मी पाच पार्लरांत गेले. चार ठिकाणी परत गेले नाही, काम वाईट होते म्हणून नव्हे, तर पुढच्या महिन्यात दुसरीकडे कूपन होते म्हणून. पाचव्या ठिकाणच्या ताईंनी मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा, माझ्या त्वचेला कोणता पॅक सोसला नव्हता हे वहीत पाहून मला आपणहून सांगितले. तिथे मी गेली दोन वर्षे पूर्ण पैसे देऊन जाते. ती वही कुठल्याही ॲपवर मिळत नाही.

डोंबिवलीकर

सर्वांचे मनापासून आभार. हिशेब वाचून मी माझी अपॉइंटमेंटची वही काढली. मंगळवार ते गुरुवार दुपारी बारा ते चार या वेळेत तीनपैकी दोन खुर्च्या बहुधा रिकाम्या असतात, शनिवार-रविवारी मात्र श्वास घ्यायला फुरसत नसते. प्रतिनिधीला आज फोन करून माझ्या अटी सांगितल्या: कूपन फक्त त्या तीन दुपारी चालेल, आधी वेळ घेऊनच यावे लागेल, एकूण 40 कूपनांपुढे विक्री थांबेल आणि आमच्या वहीत ज्यांची नावे आहेत त्यांना ते लागू नसेल. पहिल्या तीन अटी त्याने मान्य केल्या. चौथीबद्दल वरिष्ठांना विचारून सांगतो म्हणाला. ती लेखी मिळाल्याशिवाय मी सही करणार नाही.

नव्या पार्लरमध्ये जाऊन आलेल्या त्या दोघींपैकी एक काल थ्रेडिंगसाठी आल्या होत्या. मी तिकडचा विषय काढला नाही. त्यांनीच जाताना विचारले, की दुपारच्या वेळेला आमच्याकडे काही कमी करता येईल का. मी शंभर रुपये कमी करीन म्हटले, आणि त्यांनी बुधवारची दोनची वेळ घेतली.