खेळाचंही व्यसन लागतं
काहीजण म्हणतात, व्यसन दारू-गुटख्याचं. मोबाईलवरच्या खेळाचं कसलं? मला नाही पटत. यावलला माझा भाचा रात्रीची लाईट आली की मोटर चालू करून बांधावर खेळत बसायचा. एकदा पाट फुटून पाणी शेजारच्या हरभऱ्यात शिरलं, तरी मान वर नाही. "मामा, मॅच अर्धी सोडली तर रँक जाते!" हीच खरी मेख आहे, हे खेळ मध्येच थांबवता येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे: ताबा सुटणं, नुकसान दिसूनही खेळत राहणं, तेही साधारण वर्षभर. तासभर खेळणारं प्रत्येक पोरगं त्यात येत नाही. भाच्याला मात्र आम्ही जळगावला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेतोय.