पहिल्यांदाच समुपदेशन सुरू करतेय, आत गेल्यावर नेमकं काय होतं?

उंबरठा:
नमस्कार मंडळी. पुढच्या मंगळवारी समुपदेशकाबरोबर पहिलं सेशन आहे. वय ३८, याआधी कधी गेलेले नाही. सतत काळजी, रात्री दोन-अडीचला जाग, बारीकसारीक गोष्टींवरून चिडचिड, एवढं कारण. जायचं हे ठरलंय, त्यामुळे जावं की नाही हा प्रश्नच नाही. आत काय घडतं ते जाणून घ्यायचंय. पहिल्या दिवशी किती सांगायचं? जे लिहून घेतात ते कुठे राहतं? किती सेशन्स लागतात? आणि समोरच्या व्यक्तीशी आपलं जमत नाहीये हे ओळखायचं कसं? जाणकारांनी तपशिलात सांगावं.

गोधडी:
पहिल्या सेशनमध्ये उपचार कमी आणि ओळख जास्त असते, हे मनाशी धरून जा. वेळ साधारण ४५ ते ६० मिनिटं. बरेच जण ५० मिनिटांवर थांबतात आणि पुढच्या दहा मिनिटांत नोंदी लिहितात.

सुरुवात कागदांनी होते. संमतीपत्र, फी, भेट रद्द करायचा नियम (पुष्कळ ठिकाणी २४ तास आधी कळवावं लागतं, नाहीतर फी भरावी लागते), तातडीच्या वेळी कुणाला फोन करायचा त्याचा नंबर. संमतीपत्रावर घाईने सही करू नका. न कळलेलं वाक्य तिथेच विचारा, तो तुमचा हक्क आहे.

मग प्रश्न. ‘आत्ताच यावंसं का वाटलं?’ हा जवळजवळ ठरलेला. त्यानंतर झोप, भूक, काम, दारू-तंबाखू, चालू असलेल्या गोळ्या, जुने आजार, घरात कुणाला मानसिक आजार आहे का, आणि स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का. हा शेवटचा प्रश्न जवळपास प्रत्येकाला विचारतात. तो आला म्हणून ‘माझ्यात काहीतरी भयंकर दिसलं असणार’ असं समजून घाबरू नका, आणि उत्तर खरं द्या.

कधी कधी छापील प्रश्नावली भरायला देतात. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ आणि चिंतेसाठी जीएडी-७ या दोन सर्रास वापरल्या जातात. दोन्हींत गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारलेलं असतं, प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, म्हणजे पहिलीत जास्तीत जास्त २७ आणि दुसरीत २१. दोन्हींत १० किंवा त्याहून जास्त गुण आले की अधिक बारकाईने बघतात. हा आकडा म्हणजे निदान नव्हे. त्याचा खरा उपयोग पुढे होतो: सहा-आठ आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरली की फरक पडतोय का ते दिसतं.

किती सांगायचं? ज्याची तयारी नाही त्याबद्दल ‘यावर नंतर बोलेन’ म्हटलं तरी पुरतं. चूक बहुधा उलट्या बाजूने होते. माणूस पहिल्याच तासात वीस वर्षांचं सगळं ओतून टाकतो, घरी आल्यावर उघडं पडल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या सेशनला जायला पाय उचलत नाही. दुसरी नेहमीची गोष्ट म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य उठता उठता, दाराशी तोंडातून निघतं. तेव्हा वेळ संपलेली असते. असं झालं तर पुढच्या वेळी त्याच वाक्यापासून सुरुवात करा.

जाताना अर्धं पान लिहून न्या: त्रास कधीपासून आणि कधी वाढतो, आजवर काय काय करून पाहिलं, तीन महिन्यांनी काय वेगळं दिसायला हवं. हे तिसरं नेमकं लिहा. ‘बरं वाटावं’ मोजता येत नाही, ‘आठवड्यातल्या पाच रात्री सलग सहा तास झोप’ मोजता येते.

एक राहिलं. झोपमोड, धडधड, थकवा यांमागे थायरॉईड किंवा रक्ताची कमतरताही असू शकते. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्या. गोळ्या लागल्याच तर त्या मानसोपचारतज्ज्ञ किंवा डॉक्टर देतात, समुपदेशक सहसा देत नाहीत.

कवडसा:
गोपनीयतेबद्दल लिहिते, कारण या भीतीने लोक अर्धंच बोलतात.

तुमचं बोलणं घरच्यांना, ऑफिसला, नवऱ्याला किंवा बायकोला सांगितलं जात नाही. तुम्ही येता एवढंसुद्धा सांगायचं नसतं. अपवाद मोजके असतात आणि ते पहिल्याच दिवशी सांगितले जायला हवेत: तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला गंभीर धोका असणं, लहान मुलाचा छळ होत असणं, न्यायालयाचा आदेश. बारकावे त्या त्या ठिकाणच्या कायद्याप्रमाणे बदलतात, म्हणून विचाराच. शिवाय बरेच समुपदेशक आपल्याहून अनुभवी व्यक्तीशी नाव-गाव न उघड करता केसबद्दल चर्चा करतात. ही चांगली सवय आहे, चहाडी नव्हे.

‘कधी कधी जगणं नकोसं होतं’ असं म्हटलं की लगेच कुणाला तरी फोन जातो, हा समज काढून टाका. आधी विचारपूस होते: विचार किती वेळा येतो, काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, आजवर कशामुळे थांबलात. मग बहुतेक वेळा दोघं मिळून सुरक्षिततेचा कागद बनवतात. विचार वाढू लागल्याची खूण कोणती, तेव्हा काय करायचं, कुणाला फोन करायचा आणि धोक्याची वस्तू कुणाकडे ठेवायला द्यायची, असं क्रमाने. बाहेर कळवण्याची वेळ येते ती धोका अगदी समोर उभा असतो तेव्हा.

नोंदींबद्दल तीन प्रश्न विचारा: कागदावर की कंप्युटरवर, कोण बघू शकतं, किती वर्षं ठेवता. सरळ उत्तर मिळायला हवं. आणि समुपदेशक तुमच्या नात्यातला, मैत्रीतला किंवा ऑफिसमधला नको. तो कितीही चांगला असला तरी नको.

रानवारा:
सेशन्सच्या संख्येबद्दल. सुरुवातीला आठवड्यातून एकदा. पंधरा दिवसांचं अंतर पहिल्यापासूनच ठेवलं तर अर्धा वेळ मधल्या घडामोडी सांगण्यातच जातो. चिंता किंवा नैराश्यासाठी विचार-वर्तन पद्धतीने, म्हणजे सीबीटीने, काम केलं तर साधारण १२ ते २० सेशन्स धरतात. लहानपणापासूनचे आघात, जुनी नाती असा विषय असेल तर जास्त. चौथ्या-पाचव्या भेटीपर्यंत ‘आपण कशावर काम करतोय’ हे तुम्हाला स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात सांगता यायला हवं. येत नसेल तर थांबून तेच विचारा.

सीबीटीत घरचा अभ्यास असतो, त्यातली विचारनोंद बघा कशी असते. समजा साहेबांचा मेसेज आला, ‘उद्या भेटून बोलू’. पहिल्या रकान्यात एवढंच, जे घडलं ते. दुसऱ्यात मनात आलेला विचार: ‘नोकरी जाणार’, आणि त्यावर विश्वास किती, ८५ टक्के. तिसऱ्यात भावना: भीती, ९०. चौथ्यात या विचाराच्या बाजूचे पुरावे, पाचव्यात विरुद्ध बाजूचे: मागच्या चार वेळा असाच मेसेज आला तेव्हा कामाचं वाटप होतं. सहाव्यात पुरावे धरून नवा विचार, आणि शेवटी पुन्हा टक्के. ८५ चे ५० झाले तरी काम झालं, शून्याची अपेक्षा ठेवू नका. बहुतेकांची गाडी दुसऱ्या रकान्यात अडते, कारण तिथे ‘टेन्शन आलं’ असं लिहितात. ती भावना झाली. विचार म्हणजे मनात उमटलेलं पूर्ण वाक्य. आणि नोंद त्याच दिवशी करा. सेशनच्या आदल्या रात्री आठवडाभराचं एकदम लिहिलं तर नेमके शब्द हरवलेले असतात.

उंबरठा:
मनापासून आभार. दोन शंका. सुरुवातीला त्रास वाढतो असं ऐकलंय, ते खरं का? आणि समुपदेशक आवडला नाही तर तोंडावर कसं सांगायचं? मला तर रद्दचा मेसेज टाकून मोकळं व्हावंसं वाटेल.

गोधडी:
काही काळ वाढू शकतो. टाळलेल्या गोष्टींना हात घातला की एक-दोन दिवस जड जातात, रडू येतं, स्वप्नं पडतात. म्हणून सेशननंतर निदान अर्धा तास मोकळा ठेवा, लगेच मीटिंग नको. पण दोन-तीन आठवडे सलग झोप आणि काम ढासळतच असेल तर ते ‘होतंच’ म्हणून सोडू नका. वेग कमी करायला सांगा. मधल्या दिवसांत फारच बिनसलं तर कुणाला गाठायचं हेही पहिल्या दिवशीच विचारून ठेवा, कारण समुपदेशक चोवीस तास फोनवर नसतो.

न आवडण्याचं म्हणाल तर सुमारे पाचातला एक माणूस उपचार मध्येच सोडतो, आणि बऱ्याचदा समुपदेशकाला कारण कळतच नाही. रुसवा, राग, ‘मागच्या वेळी तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत ते मला लागलं’ हे सगळं तिथे बोलायचंच असतं. वाक्य तयार ठेवा: ‘मला सल्ले फार मिळतायत, ऐकून घेतलं जात नाहीये.’ किंवा ‘तुम्ही गप्प राहता तेव्हा मला चाचपडल्यासारखं होतं.’ चांगला समुपदेशक यावर स्वतःची बाजू मांडत बसत नाही, प्रश्न विचारतो आणि पुढच्या वेळेपासून काहीतरी बदलतो. तीन-चार सेशन्सनंतरही अवघडलेपण तेवढंच असेल तर बदला, आणि त्यांच्याकडेच दुसरं नाव मागा. हे सगळ्यांना चालतं.

काही गोष्टींवर मात्र वाट बघू नका, लगेच थांबा: शारीरिक किंवा लैंगिक जवळीक, पैशांचे किंवा धंद्याचे व्यवहार, तुमच्या वेळेत स्वतःची दुखणी सांगणं, ‘दहा सेशन्समध्ये बरं करतो’ अशी हमी, शिक्षण आणि नोंदणीबद्दल विचारल्यावर टाळाटाळ.

पाणपोई:
ऑनलाइन असेल तर थोडी भर. इअरफोन लावाच. समोरचा आवाज त्यामुळे बाहेर जात नाही, पण तुमचा जातो, म्हणून दाराबाहेर पंखा किंवा रेडिओ चालू ठेवा. फोन हातात धरू नका, टेकवून ठेवा, हात मोकळे राहतात. सुरुवातीला ‘आत्ता कुठे आहात?’ असं विचारतील. अडचण आली तर मदत कुठे पाठवायची, यासाठी ते असतं. नेट गेलं तर कोण कुणाला फोन करणार हे आधी ठरवा, नाहीतर दोघं एकमेकांना लावत बसतात आणि लाइन बिझी लागते. आणि उंबरठा, मंगळवारी दहा मिनिटं आधी पोचा, फॉर्म भरण्यातच तुमचा वेळ जायला नको.