फैजपूरला घरावर सोलर: मोनोपर्क की टॉपकॉन? मदत हवी, जरा तातडीने

तापीकाठचा:
राम राम मंडळी. घरावर ३ किलोवॅटचं सोलर बसवायचंय. दोन प्रकारच्या पॅनलची दोन कोटेशनं आलीत. मोनोपर्कवाला १ लाख ७० हजार सांगतो, टॉपकॉनवाला १ लाख ९८. कोणतं घेऊ तेवढंच सांगा. पहिलावाला सोमवारी अ‍ॅडव्हान्स मागतोय.

भुसावळ४७:
टॉपकॉनच घ्या भो. आपल्याकडे मे महिन्यात ४५ म्हणजे रोजचंच, पॅनल तर ६५ पर्यंत तापतं. जितकं तापेल तितकी वीज घटते, आणि टॉपकॉनची कमी घटते. विषय संपला.

हिशेबी_माणूस:
विषय कसा संपला? घट किती ते तर सांगा. पॅनलवर छापलेले वॅट २५ अंशाला मोजलेले असतात. ६५ म्हणजे ४० अंश वर. मोनोपर्कमध्ये दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घट, टॉपकॉनमध्ये ०.३०. म्हणजे १४ टक्के आणि १२ टक्के. ३ किलोवॅट दिवसाला सरासरी १२ युनिट देतं, त्यात पाव युनिटाचा फरक, तोही उन्हाळ्यात. त्यासाठी २८ हजार?
धागाकर्ते, बिल किती युनिटचं येतं? स्लॅब की पत्रे? सावली कशाची? मीटर कुणाच्या नावावर?

भुसावळ४७:
पाव युनिट २५ वर्षं गुणून बघा की. शिवाय दरवर्षीची झीजही टॉपकॉनची कमी असते.

केळीबाग_रावेर:
दादा, 'मागेल त्याला सौर कृषी पंप'मध्ये अर्ज करा. १० टक्केच भरावे लागतात. आमच्या शिवारात बऱ्याच जणांनी बसवलेत, रात्रीचं पाणी भरणं बंद झालं.

तापीकाठचा:
भाऊ, पंपाचं नाही विचारलं, घराचं विचारलंय.
बिल २८० ते ३०० युनिट, उन्हाळ्यात एसीमुळे ४५० जातं. स्लॅब आहे. सावली नाही, फक्त पाण्याची टाकी आहे. लाईट गेल्यावर एसी चालला पाहिजे, त्यासाठीच तर बसवतोय.

चोपडेकर_ताई:
थांबा, मग मोठी गोष्ट राहिलीच. ऑनग्रिड, म्हणजे महावितरणच्या तारेला जोडलेलं, बिनबॅटरीचं सोलर लाईट गेली की बंद पडतं, भर दुपारी उन्हातसुद्धा. डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) वायरमन काम करत असेल तर तुमच्या घरातून तारेत वीज जाऊ नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःच बंद होतो. लाईट गेल्यावर चालवायचं असेल तर हायब्रिड (बॅटरीवरही चालणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी लागेल. बॅटरीला सबसिडी नाही. आणि एसी ओढायचा तर बॅटरी मोठी, खर्च बराच वाढतो.

तापीकाठचा:
हे दोघांपैकी एकानेही सांगितलं नाही!

हिशेबी_माणूस:
१ लाख ७० वाल्याच्या कोटेशनवर डीसीआर लिहिलंय का? डीसीआर म्हणजे सेल आणि पॅनल दोन्ही भारतात बनलेले. तसे असतील तरच पीएम सूर्यघर या केंद्राच्या योजनेची सबसिडी मिळते. ३ किलोवॅटला ७८ हजार.

तापीकाठचा:
त्याच्यावर नाही. 'सबसिडीचं मी बघतो' म्हणाला. टॉपकॉनवाल्याने डीसीआर लिहून दिलंय.

हिशेबी_माणूस:
मग हिशोब उलटला. टॉपकॉन सबसिडी वजा जाता १ लाख २० ला पडतं, आणि स्वस्तवाला डीसीआर नसेल तर पूर्ण १ लाख ७०. भुसावळकरांचं कारण वेगळं होतं, पण घ्यायचं टॉपकॉनच.

भुसावळ४७:
मी पहिल्यापासून तेच सांगतोय भो.

चोपडेकर_ताई:
पॅनलवर भांडण्यापेक्षा स्ट्रक्चर, म्हणजे पॅनलखालचा सांगाडा बघा. पावसाआधीचं वादळ उभ्या केळीच्या बागा आडव्या करतं, पॅनलला तर सगळं अंगच वाऱ्याला. आमच्या शेजाऱ्यांचं स्ट्रक्चर नुसत्या फास्टनरवर (स्लॅबमध्ये ठोकलेल्या बोल्टवर) होतं, स्लॅबमधून उपटून कठड्यावर आलं. प्रत्येक पायाला काँक्रीटचा ठोकळा हवा आणि पाइप हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला. नुसता चंदेरी रंग मारलेला दिला तर परत पाठवा.
टाकी कोणत्या बाजूला आहे? डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारीसुद्धा सावली जवळजवळ वस्तूच्या उंचीइतकी उत्तरेला पडते. टाकीच्या उत्तरेला पॅनल नकोत. आणि बोअरच्या पाण्याने धुऊ नका, क्षाराचे पांढरे डाग बसतात. सकाळी काच गार असताना पुसा.

केळीबाग_रावेर:
ताई, पत्र्याच्या शेडवर चालतं का हो? गुरांचं शेड आहे.

चोपडेकर_ताई:
चालतं, पण खालचा अँगल आधी तपासून घ्या. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहिते.

हिशेबी_माणूस:
मीटरचं राहिलं. कुणाच्या नावावर?

तापीकाठचा:
वडिलांच्या. ते आता नाहीत. बिल मीच भरतो, त्याने काय फरक पडतो?

हिशेबी_माणूस:
बराच पडतो. अर्ज वीजजोडणी ज्याच्या नावावर त्याचाच लागतो, सबसिडीही त्याच्याच खात्यात येते. आधी महावितरणमध्ये नाव बदला, मग अ‍ॅडव्हान्स. सोमवारी कुणालाच रुपया देऊ नका.

तापीकाठचा:
नाव बदलायला काय लागतं? भाऊ पुण्याला असतो, त्याला बोलवावं लागेल का?

चोपडेकर_ताई:
मृत्यूचा दाखला, घराचा उतारा नाहीतर घरपट्टीची पावती, आणि भावाचं ना-हरकत. ते तो सही करून पाठवू शकतो. तरी महावितरणच्या सबडिव्हिजन ऑफिसला एकदा यादी विचारून घ्या. आणि टाकीची दिशा अजून सांगितली नाहीत.

तापीकाठचा:
दक्षिणेला आहे. म्हणजे टाकीच हलवावी लागणार?