३१ वा आठवडा: बाळासाठी आधी काय विणावं? टोपडं ढगळ होतंय, बोटांना मुंग्या येतात

धागादोरा
एकतिसावा आठवडा चालू आहे. सुलट-उलट, टाके वाढवणं, दोनाचा एक करणं एवढं नीट येतं. चार सुयांवर गोल विणायचा सराव नाही. यादी अशी: एक दुपटं, दोन टोपडी, मोज्यांचे दोन-तीन जोड आणि एक पुढून उघडं स्वेटर. यातलं आधी काय घ्यावं? लोकर वापरू की सुती धागा? ८ प्लाय (मध्यम जाडीच्या) लोकरीचं, ४ मिमीच्या सुयांवर ७२ टाक्यांचं टोपडं ढगळ होतंय, ते का? शिवाय अर्धा तास विणलं की उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात. विणकाम बंद करावं लागेल का?

हळू_विणा
मुंग्यांचं आधी बोलू, कारण बाकीची यादी हातावरच अवलंबून आहे. शेवटच्या तिमाहीत अंगात पाणी साठतं. मनगटातून हाताकडे जाणारी एक मुख्य नस अगदी अरुंद बोगद्यातून जाते आणि आजूबाजूला सूज आली की तीच दाबली जाते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, करंगळी सहसा सुटते. याला कार्पल टनेल म्हणतात. गरोदरपणात हा त्रास बऱ्याच जणींना होतो आणि बहुतेकींचा बाळंतपणानंतर हळूहळू ओसरतो. पुढच्या तपासणीत डॉक्टरांच्या कानावर घाला. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपल्याने बऱ्याच जणींना आराम पडतो.

विणकाम बंद करायला नको, पण विणायची पद्धत बदला. मनगट वाकलं की तो बोगदा आणखी आवळतो. लांब सरळ सुयांवर सगळ्या विणीचं वजन सुईच्या टोकाशी लटकतं आणि ते मनगटालाच पेलावं लागतं. त्यात आता सुयांची मागची टोकं पोटाला अडतात, मग कोपर बाहेर जातात आणि मनगट अजून वाकतं. त्यापेक्षा ८० सेंमी केबलची सर्क्युलर सुई, म्हणजे लवचिक केबलने जोडलेली दोन टोकं, घ्या. तिच्यावर गोलच विणायला हवं असं काही नाही. ओळ संपली की काम उलटवायचं आणि परत विणायचं, अगदी दोन सुयांसारखं. वजन मांडीवर ठेवलेल्या उशीवर पडून राहतं. सुई बांबूची किंवा लाकडाची असू दे. धातूच्या सुईवरून टाके निसटतात, म्हणून हात नकळत घट्ट धरतो.

वीस मिनिटं विणलं की सुई खाली ठेवा, मुंग्या येईपर्यंत वाट पाहू नका. दोन्ही पाय जमिनीवर किंवा पाटावर टेकलेले हवेत, कमरेमागे लोड हवा.

एक गोष्ट मात्र वेगळी समजा. चेहरा आणि हात एकाएकी सुजले आणि सोबत डोकं ठणकायला लागलं किंवा नजर अंधुक झाली, तर तो विणकामाचा त्रास नव्हे. तेव्हा लगेच डॉक्टरांना फोन करायचा.

सुलट_उलट_६४
टोपड्याबद्दल: तुमच्या हाताने १० सेंमीत किती टाके बसतात? लोकरीच्या लेबलवर लिहिलेले नकोत, तुमच्या विणीतले सांगा. ३० टाके घालून साधारण १२ सेंमी उंच तुकडा विणा, धुवा, सपाट वाळवा आणि मधले १० सेंमी मोजा. कडेचे टाके मोजायचे नाहीत, ते नेहमी ओढलेले असतात.

गुंडाळी
आधी काय घ्यावं याचं उत्तर टाके मोजले की आपोआप मिळतं. ८ प्लायचं टोपडं म्हणजे सुमारे २७०० टाके. ७५ सेंमी चौरस दुपटं, सगळ्या ओळी सुलट, त्याच लोकरीत घेतलं तर पन्नास हजारांच्या आसपास. मिनिटाला २०-२२ टाके पडतात असं धरलं तरी टोपडं दोन-अडीच तासांत होतं आणि दुपट्याला ३८ ते ४२ तास लागतात. हात वीस-वीस मिनिटंच चालणार असेल तर दुपटं शेवटी. ३७ आठवडे भरले की बाळ कधीही येऊ शकतं, म्हणून ३६ व्या आठवड्यात सगळं धुऊन घडी घालून तयार हवं, असा हिशेब ठेवा.

टोपडी, मग मोजे, मग स्वेटर. दुपटं असं निवडा की कुठेही थांबवलं तरी पूर्ण दिसेल. त्याला कोपऱ्यापासून तिरकं विणण्यासारखं दुसरं काही नाही. ३ टाके घाला. प्रत्येक ओळीत पहिला टाका सुलट, दुसऱ्या टाक्यात पुढून आणि मागून असे दोनदा विणून एक टाका वाढवा, बाकी ओळ सुलट. म्हणजे दर ओळीला एक टाका वाढतो. पुरेसं रुंद झालं की उलटा प्रवास: पहिला टाका सुलट, पुढचे दोन एकत्र, बाकी सुलट, शेवटी ३ टाके राहीपर्यंत. आधी टाक्यांचा हिशेब करायला नको आणि लोकर संपायची भीतीही नको. लोकर स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. निम्म्याहून थोडी जास्त शिल्लक असतानाच घटवायला सुरुवात करा, ती जादाची लोकर टोकं ओवायला लागते. ७५ सेंमीला ३०० ते ३५० ग्रॅम पुरते. सगळे गुंडे एकाच डाय लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, घ्या. तिरक्या विणीत वेगळ्या छटेचा पट्टा अगदी उठून दिसतो.

घाई असेल तर १० प्लाय आणि ५.५ मिमी सुई. तेच दुपटं तीस हजार टाक्यांच्या आत होतं. पोत थोडा जाड येतो, पण हात वाचतो.

क्रोशावाली
तिरक्या दुपट्यात बरेच जण धागा पुढे घेऊन टाका वाढवतात, कडेला जाळी छान दिसते म्हणून. नवजात बाळासाठी ती टाळलेलीच बरी. बोट किंवा पायाचा अंगठा भोकात अडकतो आणि बाळाला तो सोडवता येत नाही. गुंडाळी यांनी सांगितलेली बिनभोकाची वाढ योग्य. क्रोशाचं दुपटं करणार असाल तर त्याच कारणाने खांबांची जाळीदार वीण नको, आखूड खांबांची भरीव वीण घ्या.

मोज्यांच्या आतही हेच. दोन रंगांची नक्षी विणली की आत धाग्याचे मोकळे पूल राहतात. एखादा पूल किंवा सुटलेलं टोक पायाच्या बोटाभोवती आवळलं तर बोटाचा रक्तपुरवठा थांबू शकतो. एकच रंग, प्रत्येक टोक ५-६ सेंमी ओवून मग कापलेलं, आणि मोजा उलटा करून हात फिरवून पाहिलेला. एवढं झाल्याशिवाय बाळाच्या पायात घालू नका.

धागादोरा
तुकडा धुऊन वाळवून मोजला. १० सेंमीत २० टाके, २८ ओळी.

सुलट_उलट_६४
मग टोपड्यात काही चुकलं नाही, टाक्यांचा आकडा तुमच्या हाताचा नाही एवढंच. ७२ टाक्यांचा नमुना १० सेंमीत २२ टाके धरून लिहिलेला असतो, तेव्हा घेर ३२.७ सेंमी येतो. तुमच्या २० टाक्यांना तोच घेर ३६ सेंमी होतो. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंमी, म्हणजे टोपडं डोक्याहून मोठं. विणलेलं टोपडं डोक्यापेक्षा दहा टक्के लहान असलं तरच धरून राहतं. ३१-३२ सेंमी हवं. ३२ गुणिले २ म्हणजे ६४ टाके. ८ ने भाग जातो, घटवायला सोयीचं.

दोन सुयांवर: ६६ टाके घाला, कडेचा एकेक टाका शिवणीसाठी. टाके घालताना ४.५ मिमीची सुई घ्या म्हणजे कड आवळणार नाही, मग ४ मिमीवर या. दोन सुलट दोन उलट अशी ३ सेंमी पट्टी. पुढे एक ओळ सुलट, एक उलट, एकूण उंची १० सेंमी होईपर्यंत. मग सुलट बाजूच्या ओळीत कडेचे टाके सोडून ६ सुलट, दोनाचा एक, असं आठ वेळा. उलट ओळ साधी. पुढच्या सुलट ओळीत ५ सुलट, दोनाचा एक, मग ४, असं उतरत जा. कडेचे धरून १० टाके उरले की धागा २५ सेंमी ठेवून कापा, टाक्यांतून दोनदा ओवून ओढा आणि त्याच धाग्याने शिवण घाला. शिवण कडेला कड लावून, सुलट बाजूने शिडीच्या टाक्याने घाला. आतून टीप मारल्यासारखी घातली तर जाड वळ येतो आणि बाळ त्यावरच डोकं टेकतं. २०-२५ ग्रॅम लोकरीत होतं. वर गोंडा नको.

मोज्यांना टाच विणूच नका. बिनटाचेचा मोजा पाय वाढला तरी बसतो आणि नीट घातला की निघत नाही. ४ प्लाय, ३ मिमी सुया, ३४ टाके. दोन सुलट दोन उलट अशी वीण अखेरपर्यंत, १२ सेंमी. ही वीण पायाला धरून बसते, म्हणून घोट्याला रिबीन-नाडी लागत नाही. बोटांकडे कडेचा एकेक टाका सोडून २ सुलट, दोनाचा एक, अशी ओळ. एक उलट ओळ. मग १ सुलट, दोनाचा एक. उलट ओळ. शेवटी सगळीकडे दोनाचा एक, उरलेल्या टाक्यांतून धागा ओढून घ्या.

हळू_विणा
स्वेटरचं: मान हीच खरी अडचण. नवजात बाळाचं डोकं छातीएवढं किंवा थोडं मोठंच असतं आणि मान अजून धरत नाही, म्हणून डोक्यातून घालायचं काही विणू नका. पुढून उघडं हे तुमचं बरोबर आहे. गळ्याची शेवटची ओळ नेहमीसारखी बंद केली की आवळते. ती अशी बंद करा: दोन टाके सुलट विणा, दोन्ही परत डाव्या सुईवर घ्या, मागच्या बाजूने एकत्र सुलट विणा. उजव्या सुईवर एक टाका उरेल. पुढचा एक विणा, पुन्हा दोन्ही परत घ्या, एकत्र विणा. ही कड ताणली जाते.

नवजात मापाचं स्वेटर थोड्याच आठवड्यांत लहान होतं. ३ ते ६ महिन्यांच्या मापाचं विणा, छातीचा घेर ४६ सेंमी, बाहीची पट्टी दुमडता येईल अशी लांब. पण बाळ त्या मापाचं होईल तेव्हा थंडी असेल का, ते आधी महिने मोजून पाहा. बटणं अगदी सपाट, आतल्या बाजूला दुसरं छोटं बटण लावून दोन्ही एकत्र शिवलेली, म्हणजे वीण फाडून निघत नाहीत.

सूतगिरणी
धाग्याचा प्रश्न राहिलाच. सुपरवॉश मेरिनो (धुताना आटू नये म्हणून प्रक्रिया केलेली मेरिनो मेंढीची लोकर) मला सगळ्यात पसंत: मऊ, लवचिक, यंत्रात धुता येते. ओली असताना मात्र ती पसरते, टांगून वाळवलीत तर स्वेटर गुडघ्यापर्यंत येईल. सपाट वाळवा. साधी लोकर गरम पाण्यात घोळली की आटून नमदा होते. अॅक्रिलिक धुवायला सोपं, पण इस्त्री लागली की वीण कायमची लुळी पडते आणि ते आगीजवळ वितळतं. सुती धागा गरमीच्या दिवसांत उत्तम, पण त्याला ताण नाही. मोज्यांची पट्टी सैल पडते आणि टाका ओढायला जोर लागतो, म्हणून तुमच्या मनगटाला सध्या लोकरच बरी. मोहेर आणि अंगोरा (लांब केसांचे बकरीचे आणि सशाचे धागे) अजिबात नको, त्यांचे केस सुटून नाकातोंडात जातात. मऊपणा गालावर घासून पाहा, तळहाताला काही कळत नाही.

झाल्यावर सगळं सौम्य साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून, सुती पिशवीत ठेवा. डांबराच्या गोळ्या त्या कपाटात ठेवू नका. त्यातलं नॅप्थलीन कपड्यात मुरतं आणि जी६पीडीची (तांबड्या पेशींना जपणाऱ्या एका विकराची) कमतरता असलेल्या नवजात बाळाच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात, कावीळ फार वाढते. ही कमतरता वरून दिसत नाही, म्हणून नियम सगळ्यांनाच.

क्रोशावाली
दुपट्याबद्दल एक राहिलं. पहिलं वर्षभर झोपलेल्या बाळाच्या पाळण्यात सैल पांघरूण, उशी, मऊ खेळणं यातलं काही ठेवायचं नसतं, नाकातोंडावर येतं. घरात झोपताना टोपडंही काढायचं, बाळ डोक्यातून उष्णता सोडतं. दुपटं जागेपणी मांडीवर घेताना, जमिनीवर अंथरायला, बाबागाडीत कमरेपर्यंत. या वापराला ७५ सेंमी पुरतं, त्याहून मोठं विणायच्या भरीस पडू नका.

धागादोरा
६४ टाके घातले, सर्क्युलर सुईवर सपाट विणते आहे. पोटाला काही अडत नाही. शिवणीचे २ टाके धरायचे राहिले, तर आता उसवून परत घालू का?

सुलट_उलट_६४
पट्टीची पहिली ओळ झाली असेल तरी उसवू नका. पुढच्या दोन ओळींच्या सुरुवातीला एकेक टाका वाढवा, ६६ होतील. ती कड शिवणीत जाते, बाहेरून दिसत नाही.