कास्क बिअरचा गळा कोण आवळतंय? क्राफ्टवाले की तिचे कट्टर रखवालदार?

नदीकाठचा (शेफील्ड)

परवा इथल्या मराठी मंडळींच्या जेवणात वाद पेटला. एका ज्येष्ठांनी सांगून टाकलं, "बाहेरून गॅस मारलेली बिअर ती बिअरच नव्हे. क्राफ्ट वगैरे सगळा जाहिरातीचा खेळ." त्यावर दोघातिघांनी रिअल एल म्हणजे कोमट, पचपचीत पाणी असं उलट सुनावलं. मला दोन्ही म्हणणी पटत नाहीत. तिथे बोलायचं राहिलं, म्हणून हा धागा.

भारतातल्या वाचकांसाठी आधी थोडं. रिअल एल म्हणजे जिवंत यीस्टसकट पिंपात भरलेली बिअर. ती पबच्या तळघरात पिंपातच शेवटची आंबते, थोडा नैसर्गिक वायू धरते आणि वर काउंटरवर हापशासारखा दांडा ओढून ग्लासात येते. या पिंपाला इथे कास्क म्हणतात. केग या धातूच्या बंद पिंपात तसं नसतं. तिथे बाहेरच्या कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने बिअर वर ढकलली जाते, आणि ती जास्त थंड व जास्त फसफसती असते. क्राफ्ट म्हणजे साधारणपणे नव्या, छोट्या ब्रुअऱ्यांची प्रयोगशील बिअर, आणि ती बहुधा केगमधूनच येते.

१९७१ साली चार इंग्रज तरुण आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, डनक्विनच्या क्रूगर्स बारमध्ये बसले आणि त्यांनी रिअल एल वाचवण्यासाठी कॅम्रा ही चळवळ सुरू केली. त्या काळी सहा बड्या कंपन्यांच्या हातात बहुतेक पब होते आणि वॉटनीज रेड बॅरलसारखी गाळलेली, पाश्चराइज केलेली केग बिअर सगळीकडे घुसवली जात होती. त्याविरुद्ध ही माणसं उभी राहिली म्हणून आज कास्क शिल्लक आहे. हे ऋण मी मानतो.

पण १९७१ चा शत्रू आणि आजचा केग यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. लंडनमधल्या बर्मंडसीच्या कर्नल ब्रुअरीची बिअर गाळलेली नाही, पाश्चराइज केलेली नाही, यीस्ट तिच्यातही असतं. मग तिला ‘मेलेली’ कुठल्या तोंडाने म्हणायचं?

२०१८ च्या एप्रिलमध्ये कॉव्हेंट्रीला कॅम्राच्या सभासदांनी मतदान केलं. पबात जाणाऱ्या आणि बिअर पिणाऱ्या सगळ्यांचाच आवाज संघटनेने व्हावं, असा एक ठराव होता. ७५ टक्के मतं हवी होती, ७२ च्या आसपास पडली आणि ठराव बारगळला. माझ्या मते त्या दिवशी कास्कचंच नुकसान झालं. तरुण गिऱ्हाईक दारात उभं होतं आणि आपण कडी लावून घेतली.

आणि किंमत! एकाच पबात कास्कचा पाइंट (अर्ध्या लिटरहून थोडा मोठा ग्लास) केगपेक्षा स्वस्त असतो. खरं तर तिला राबणूक जास्त लागते. सभासदांना सवलतीची कुपनं वाटून चळवळीने ‘कास्क म्हणजे स्वस्त’ हेच लोकांच्या डोक्यात पक्कं केलं. मँचेस्टरच्या क्लाउडवॉटरने २०१७ च्या सुरुवातीला कास्क बनवणं थांबवलं तेव्हा कारण हेच दिलं होतं, की परवडत नाही. पुढे ते परत आले, पण इशारा मिळायचा तो मिळाला.

लेस्टरचे_काका

तुम्ही ज्यांच्याबद्दल लिहिलंय तो ज्येष्ठ मी नव्हे, पण असतो तर मला अभिमान वाटला असता.

मी या देशात आलो तेव्हा वॉटनीच्या पबांच्या भिंतीसुद्धा लाल रंगवल्या होत्या. आत जाल तिथे तीच बिअर. ती वाईट होती असं म्हणणं पुरेसं नाही, तिला कसली चवच नव्हती. शेजारच्या गावातली शंभर वर्षांची ब्रुअरी विकत घ्यायची, बंद करायची आणि तिच्या पबांत आपला केग लावायचा, हा त्या कंपन्यांचा शिरस्ता होता. आम्ही तेव्हा ‘सगळ्या चांगल्या बिअरसाठी’ लढलो असतो तर हरलो असतो. चांगली म्हणजे काय हे प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने ठरवलं असतं. आमच्याकडे व्याख्या होती: ज्या पिंपातून वाढायची त्याच पिंपात दुसरं आंबवण, आणि बाहेरचा गॅस नाही. तिला पळवाट नव्हती.

आता ‘क्राफ्ट’ची व्याख्या सांगा पाहू. ब्रिटनमध्ये कायद्यात ती नाही, कुठल्या संघटनेची सर्वमान्यही नाही. मीनटाइम ही लंडनची क्राफ्ट ब्रुअरी २०१५ मध्ये एसएबीमिलर या बड्या कंपनीने घेतली. त्याच वर्षी कॅम्डन टाउन ब्रुअरी एबी इनबेवकडे गेली. बीव्हरटाउनचा हिस्सा हायनेकेनने २०१८ ला घेतला आणि २०२२ ला उरलेलीही घेतली. डब्यावरची चित्रं तीच राहिली, मालक बदलले, आणि पिणाऱ्याला वाटतं आपण बड्या कंपन्यांविरुद्ध बंड करतोय. ब्रूडॉग या स्कॉटिश क्राफ्ट कंपनीने २०१० साली ५५ टक्क्यांची बिअर मेलेल्या खारी वगैरे प्राण्यांच्या पोटात बाटल्या भरून विकली. यात बिअरची सेवा कुठे आहे, मला दाखवा.

तुमच्या त्या ठरावाच्या विरोधात माझं मत होतं आणि त्याचा मला आनंद आहे.

निशिगंध (ब्रिस्टल)

काका, तुमच्या लढ्याबद्दल आदर आहे, पण त्या पबांत बाईमाणसाला कसं वागवलं जायचं तेही लिहायला हवं. मी पहिल्यांदा एका गावातल्या पबात हापशाची बिटर (कडवट इंग्रजी एल) मागितली तर काउंटरमागच्या गृहस्थांनी मला न विचारता अर्धा पाइंट भरला, आणि शेजारच्याने "हिला लागर द्या", म्हणजे हलकी, थंड बिअर, असा सल्ला दिला. पंपाच्या दांड्यावरच्या पट्टीवर अर्धवट कपड्यातली बाई आणि खाली द्वयर्थी नाव, हे रिअल एलच्या जगात कितीतरी वर्षं खपवून घेतलं गेलं. कॅम्राने आपल्या मोठ्या महोत्सवात अशा नावांना बंदी घातली ती २०१९ मध्ये. चळवळ १९७१ ची!

क्राफ्टच्या टॅपरूममध्ये, म्हणजे ब्रुअरीच्याच बारमध्ये, मला पहिल्यांदा कुणी विचारलं, "आंबट बिअर चालेल? आधी घोटभर चाखून बघा." मी बिअरची झाले ती तिथे. कास्कपर्यंत नंतर पोचले. माझ्यासारख्या पुष्कळजणी आहेत. ते दार बंद करून तुम्ही कोणाला वाचवताय?

लेस्टरचे_काका

निशिगंधताई, पट्ट्यांबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. लाज वाटावी असंच होतं ते, आणि आमच्यातल्या बऱ्याच जणांनी तेव्हा तोंड उघडलं नाही. पण हा माणसांच्या वागण्याचा दोष झाला, कास्कचा नव्हे. आणि क्राफ्टच्या धंद्यातही नोकरांना वाईट वागवल्याच्या तक्रारी २०२१ मध्ये ढिगाने बाहेर आल्या, बायकांच्या सर्वांत जास्त.

निशिगंध (ब्रिस्टल)

आल्या, आणि त्या जाहीरपणे बोलल्या गेल्या. हा फरक मोठा आहे.

शाकाहारी_सोलापूरकर

एक प्रश्न. रिअल एल स्वच्छ व्हायला माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीचं आयझिंग्लास घालतात ना? मग आमच्यासारख्यांनी परंपरेचं कौतुक कसं करायचं?

निशिगंध (ब्रिस्टल)

आमच्या ब्रिस्टलच्या मूर ब्रुअरीची कास्क बिअर मागा. त्यात ते घालत नाहीत. बिअर थोडी गढूळ दिसते, चवीला उत्तम. गढूळ म्हणजे बिघडलेली ही समजूत मोडायला त्यांना अनेक वर्षं झगडावं लागलं, आणि झगडा जुन्या रिअल एलवाल्यांशीच होता.

तळघरातला (वेस्ट यॉर्कशर)

मी पबच्या तळघरात काम करतो, म्हणून वरच्या चर्चेत जे आलं नाही ते लिहितो.

पिंप आलं की ते आडवं ठेवून पाचर मारतो, कारण नंतर हललं तर तळाचा गाळ उठतो. वरच्या बुचात छिद्र पाडून मऊ, सच्छिद्र लाकडाची खुंटी ठोकतो. तिच्यातून फेस बुडबुडत बाहेर येतो, तो पुसत राहायचं. जोर ओसरला की मऊ खुंटी काढून कडक लाकडाची लावायची, म्हणजे उरलेला वायू आत राहतो. मग तोटी ठोकायची. हा ठोका एका दमात बसला पाहिजे, नाहीतर बिअर अंगावर. पुढे दिवसभर, कधी दोन दिवस, बिअर निवळू द्यायची. तळघर ११ ते १३ अंशांवर. जो म्हणतो रिअल एल कोमट असते, त्याने कोमट तळघराची बिअर प्यायली आहे. दोष पबवाल्याचा.

आता हिशोब. इथलं नेहमीचं छोटं पिंप म्हणजे फर्किन, ९ गॅलनचं, ७२ पाइंट. प्रत्येक ओढीला जेवढी बिअर बाहेर जाते तेवढी हवा आत येते. तीन दिवसांत तजेला जातो, पुढे आंबूस वास सुरू होतो. म्हणजे एका प्रकारची दिवसाला २४ पाइंट विकली पाहिजेत. चार हापसे लावले तर रोज ९६. मंगळवारी रात्री गावात एवढी माणसं आणायची कुठून? तरी पबवाले ‘निवड हवी’ म्हणून सहा-सहा हापसे लावतात आणि सहाही शिळ्या बिअर वाढतात. कास्क तिथे मरते, काका. एखाद्या पोराने ती प्यायली आणि तोंड वाकडं केलं की तो पुन्हा हापशाकडे बघत नाही.

यावर साधा उपाय होता: कास्क ब्रीदर. ओढलेल्या बिअरच्या जागी हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड येतो, तोही हवेच्याच दाबाचा, त्यामुळे बिअर फसफसत नाही, फक्त टिकते. चळवळीने कित्येक वर्षं त्याला विरोध केला. २०१८ च्या त्याच अधिवेशनात तो विरोध सोडला, याची बातमी मात्र कोणी केली नाही. मला विचाराल तर त्या अधिवेशनाचा सर्वांत कामाचा निर्णय तोच.

पुणेरी_हॉप

इकडून थोडं. पुण्यात २००९ ला डूलाली ही छोटी ब्रुअरी सुरू झाली, मागून इतरही आल्या. आमच्याकडे बिअर टाकीतून थेट ग्लासात येते, ताजी, पाश्चराइज न केलेली. गॅस असतो. इथली लढाई बाटलीतल्या कडक लागरशी आहे, त्यामुळे ‘कास्क की केग’ हा वाद आमच्या लोकांना कळतच नाही. ताजी आहे का आणि बनवणारा समोर आहे का, एवढंच आम्ही बघतो. हेच निकष तिकडे का चालू नयेत?

लेस्टरचे_काका

तुमच्याकडे मोडायला जुनं काही नव्हतं म्हणून चालतात. इथे किथलीची लँडलॉर्ड, ल्यूइसची हार्वीज यांच्यासारख्या बिअर कास्कसाठीच बांधलेल्या आहेत. चार-साडेचार टक्के, चार पाइंट प्याल तरी गप्पा शाबूत. माल्टचा गोडवा, गोल्डिंग्ज आणि फगल या इंग्रजी हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) मातकट कडूपणा. बिअर जास्त थंड करून, गॅस भरून दिलीत तर ही चव दबून जाते. सिट्रा, मोझॅक या अमेरिकी हॉप्सवाली आंब्याच्या रसासारखी बिअर गॅस सोसते, बिटर सोसत नाही. म्हणजे कास्क ही निव्वळ वाढण्याची रीत नाही. ती गेली की बिअरचा एक अख्खा प्रकार जातो.

नदीकाठचा (शेफील्ड)

काका, ही शेवटची ओळ मला मनापासून मान्य आहे. माझं भांडण त्याच्या पुढे सुरू होतं: हा प्रकार वाचवणार कोण?

तुम्ही विकल्या गेलेल्या क्राफ्ट ब्रुअऱ्यांची यादी दिलीत. परंपरेची बाजू बघा. फुलर्ससारख्या जुन्या घराण्याने २०१९ ला बिअरचा धंदा जपानच्या आसाहीला विकला. आणि बर्टन युनियन! ओक लाकडाच्या पिंपांची रांग, वर नळ्या. आंबताना यीस्ट उसळून त्या नळ्यांतून वरच्या पन्हाळीत पडतं आणि बिअर परत खाली उतरते. मार्स्टन्स या जुन्या ब्रुअरीची पेडिग्री बिअर अशी बनायची. ब्रिटनमध्ये ही एवढीच उरली होती, आणि कार्ल्सबर्ग मार्स्टन्सने २०२४ मध्ये तीही बंद केली. तिचा एक संच वाचवला तो थॉर्नब्रिजने, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रुअरीच्या गॅरेट ऑलिव्हर यांनी मधे शब्द टाकला म्हणून. अमेरिकेतला क्राफ्टवाला आणि डर्बीशरमधला क्राफ्टवाला! आज त्या पिंपांत पुन्हा बिअर आंबते आहे.

थॉर्नब्रिजचंच आणखी एक. त्यांची जयपूर, ५.९ टक्क्यांची आयपीए (भरपूर हॉप्सची एल), २००५ ची. कास्कमधून प्या, अमेरिकी हॉप्सचा वास आणि हापशाचा मऊपणा एकत्र मिळतो. ती बनवणाऱ्यांपैकी एक, मार्टिन डिकी, दोन वर्षांनी ब्रूडॉगचा सहसंस्थापक झाला. तुम्ही ज्यांना परके म्हणताय ते याच घरातून निघालेत. २००२ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी छोट्या ब्रुअऱ्यांचा कर कमी केला, त्यावरच गावोगावचे नवे कास्कवाले आणि शहरातले केगवाले दोघेही उभे राहिले.

तळघरातला (वेस्ट यॉर्कशर)

जयपूर मीही लावतो. पिंप दोन दिवसांत संपतं, त्यामुळे ती नेहमी ताजी असते आणि म्हणूनच संपते. मालकाला हेच समजावतोय: कास्कचे दोनच हापसे ठेव, एक स्थानिक बिटर आणि एक बदलती. बाकी केगवर जाऊ दे. आंबट बिअर, दहा टक्क्यांच्या काळ्या स्टाउट या केगमध्ये निवांत टिकतात, त्यांना कास्कमध्ये कोंबायचा हट्ट नको. आणि कास्कचा पाइंट केगच्या भावाने विक.

लेस्टरचे_काका

दोन हापसे, पण ताजे, हे मला पटलं. सहा शिळ्यांपेक्षा केव्हाही बरे. भावाचंही पटलं, आमच्यातले काही कुपनं घेऊन दहा पेनींसाठी पबवाल्याशी हुज्जत घालतात ते मी पाहिलंय आणि मला ते कधी आवडलं नाही. बर्टन युनियनबद्दल थॉर्नब्रिजला मी स्वतः पत्र लिहून धन्यवाद दिले आहेत.

पण व्याख्या सैल करण्याला माझा विरोध तसाच. कर्नलची बिअर चांगली आहे, मी ती आवडीने पितो. तिच्या बाजूने लढायला तिचे तरुण गिऱ्हाईक आहेत, डब्यांची दुकानं आहेत, इंटरनेट आहे. लँडलॉर्डला तळघर लागतं, तुमच्यासारखा खुंटी बदलणारा माणूस लागतो, आणि वर चोवीस पाइंट पिणारी माणसं लागतात. यातलं एक गेलं की परत येत नाही. एखादी संघटना फक्त तेवढ्यासाठीच असू दे.

निशिगंध (ब्रिस्टल)

असू दे, काका. मग त्या चोवीसातले काही पाइंट आम्ही पिणार, आणि अर्धा की पूर्ण ते आम्हाला विचारून भरायचा.