मदत हवी आहे : ब्राउझरमधलं ड्रोन सिम्युलेशन घरी नीट चालतं, लॅबमध्ये मात्र ड्रोन उलटतो

पंखापुराण

नमस्कार मंडळी,

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, पाचगणीच्या बाजूला. अकरावीच्या मुलांचा एक गट 'ड्रोन करायचाच' म्हणून मागे लागला आहे. सामान ठरलेलं आहे, बहुतेक जण पहिल्यांदा घेतात तेच : एफ४५० फ्रेम, ए२२१२ जातीच्या १००० केव्हीच्या (म्हणजे व्होल्टमागे मिनिटाला १००० फेऱ्या) चार मोटर, १०४५ (१० इंची) पंखे, ३० अँपियरचे ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारे सर्किट) आणि थ्री-एस (तीन सेलांची) लिपो बॅटरी. खरेदी करण्याआधी मुलांनी आराखडा काढावा, आकडेमोड करावी आणि संगणकावर उडवून बघावं, असा माझा आग्रह.

लॅबमधल्या संगणकांवर काहीही इन्स्टॉल करायची परवानगी नाही. विंडोज, क्रोम, ४ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. त्यामुळे जे काही करायचं ते ब्राउझरमध्येच.

ऑनशेप या ब्राउझरमधल्या आराखड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मुलांनी फ्रेम काढली, ते छान जमलं. मग एका मोफत संकेतस्थळावर, जिथे वजन, भुजांची लांबी आणि मोटरचा जोर भरून क्वाडकॉप्टर उडवता येतो, तिथे आमचे आकडे भरले. माझ्या घरच्या लॅपटॉपवर ड्रोन शांतपणे तरंगतो. तेच आकडे लॅबमध्ये भरले की हातभर वर येतो, थरथरतो आणि उलटा होऊन पडतो. पीआयडीचे (तोल किती जोराने सावरायचा ते ठरवणारे) आकडे कमी केले तर जरा जास्त वेळ टिकतो, एवढंच.

हे का होत असावं? आणि आराखडा, आकडेमोड, उड्डाण हे सगळं एकाच जागी करता येईल असं काही ब्राउझरमध्ये आहे का? मी स्वतः यात नवीन आहे, तेव्हा सोपं करून सांगा.

शेवटचा_अँपियर

मॅडम, पीआयडीला आता हात लावू नका, ते जिथे होते तिथे परत नेऊन ठेवा. आधी एक सांगा : लॅबमध्ये सिम्युलेटर चालू असताना सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे पडद्यावरची चित्रं, पडतात? बऱ्याच सिम्युलेटरमध्ये कोपऱ्यात एफपीएस दिसतो.

विचारण्याचं कारण असं. ब्राउझरमधले साधे सिम्युलेटर अनेकदा पडद्यावर चित्र काढायच्या वेळीच भौतिकशास्त्राचं गणितही करतात. घरी चित्र सेकंदाला ६० वेळा निघतं, म्हणजे ड्रोनचा तोलही ६० वेळा सावरला जातो. लॅबमध्ये तेच १२ वर आलं असेल तर प्रत्येक दुरुस्ती ८० मिलिसेकंद उशिरा पोचणार. तोवर ड्रोन कलून गेलेला असतो. सोलरच्या नळाखाली आंघोळ करताना गरम पाणी येईना म्हणून नळ आणखी सोडावा आणि मग एकदम भाजावं, तसलाच प्रकार. पीआयडी कमी केल्यावर तो थोडा जास्त टिकला, ही गोष्टही यात बसते. दुरुस्ती हळू केली की उशिराचा फटका कमी बसतो. खऱ्या ड्रोनवर आर्डुपायलट या उड्डाण सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं मुख्य चक्र सेकंदाला ४०० वेळा फिरतं, यावरून अंदाज येईल.

उपाय : क्रोमच्या सेटिंगमध्ये 'सिस्टीम' विभागात ग्राफिक्स अॅक्सलरेशनचं बटण असतं, ते चालू करून क्रोम बंद करून पुन्हा उघडा. ते बंद असेल तर सगळं त्रिमितीय चित्र बिचाऱ्या प्रोसेसरला काढावं लागतं. शिवाय सावल्या बंद करा, खिडकी लहान करा (पिक्सेल कमी, काम कमी), बाकीचे टॅब मिटवा. सिम्युलेटरमध्ये 'टाइम स्टेप' (गणित किती वेळाने करायचं ते) ठरवायची सोय असेल तर ती चित्रापासून वेगळी करून २ ते ४ मिलिसेकंदांवर ठेवा.

मुलांना आणखी एक सांगून ठेवा : दुसऱ्या टॅबवर गेलं की ब्राउझर मागच्या टॅबचं चित्र काढणं थांबवतो. परत आल्यावर ड्रोन भलतीकडेच सापडला तर घाबरू नका.

खटपट्या

वरच्या उत्तराशी सहमत. तुमचा दुसरा प्रश्न घेतो.

सगळं एकाच जागी देणारं काही मी तरी मुलांच्या हाती देणार नाही. चित्र, हिशेब आणि उड्डाण ही तीन कामं तीन ठिकाणीच करा. ऑनशेप शिक्षक-विद्यार्थ्यांना मोफत मिळतं, ते चांगलंच आहे. (साधं मोफत खातं घेतलंत तर त्यातल्या फाइल सगळ्या जगाला दिसतात, म्हणून शैक्षणिकच घ्या.) टिंकरकॅड हे आराखड्याचं सोपं सॉफ्टवेअर शाळेतल्या मुलांना बरं, पण इथे वजन आणि जडत्व हवं आहे, त्याला ते पुरत नाही.

आता महत्त्वाचं. मुलं तासन्तास फ्रेमच्या गोलाया सजवत बसतील. सिम्युलेटरला त्याचं काही नसतं. त्याला हवं असतं वस्तुमान, गुरुत्वमध्य, तिन्ही अक्षांभोवतीचं जडत्व आणि प्रत्येक मोटर मध्यापासून किती अंतरावर आहे ते. ऑनशेपमध्ये प्रत्येक भागाला मटेरियल दिलं तरच हे आकडे खरे येतात. मोटर आणि बॅटरी बाहेरून आणलेल्या मॉडेलच्या असतील तर त्यांना वजन हाताने द्यावं लागतं. नाहीतर सगळ्यात जड वस्तूच हिशेबाबाहेर राहते.

आराखडा सिम्युलेटरमध्ये एसटीएल (त्रिमितीय आकाराची) फाइल म्हणून नेत असाल तर जपून. त्या फाइलमध्ये एककच नसतं, नुसते आकडे असतात. ४५० मिलिमीटरची फ्रेम पलीकडे ४५० मीटरची म्हणून उघडू शकते. वजन तेच राहिलं तर जडत्व दहा लाख पट होतं आणि ड्रोन ढिम्म हलत नाही.

हिशेबासाठी ई-कॅल्क नावाचं स्विस संकेतस्थळ आहे, त्यातलं मल्टिकॉप्टरचं पान. मोफत वापरात मोजकेच सुटे भाग निवडता येतात. पण तुम्ही भौतिकशास्त्राच्या, तेव्हा आधी फळ्यावर करून घ्या. एकूण वजन १.३ किलो धरा. एका पंख्याच्या वाट्याला ३.२ न्यूटन. १० इंची पंख्याचं वर्तुळ ०.०५ चौरस मीटर. तरंगायला लागणारी आदर्श शक्ती काढायला त्या बलाचा दीड घात घ्या आणि हवेची घनता गुणिले क्षेत्रफळ याच्या दुपटीच्या वर्गमुळाने भागा. एका पंख्याला १६ वॅट, चारांना ६५. मोटर, ईएससी, पंखा मिळून ४५ टक्के कार्यक्षमता धरली तर बॅटरीतून साधारण १४४ वॅट जातात. २२०० एमएएचच्या थ्री-एस बॅटरीत २४ वॅट-तास, त्यातले ८० टक्केच वापरायचे. उत्तर ८ मिनिटं. एफ४५० वाले साधारण एवढंच सांगतात.

आता ५२०० एमएएचची बॅटरी लावा. वजन दीड किलोवर जाईल, वेळ साडेपंधरा मिनिटांच्या आसपास. बॅटरी २.४ पट झाली, वेळ दुप्पटसुद्धा नाही. वर्गात हा तास रंगेल.

घाटमाथा

पाचगणी म्हटलं म्हणून डोकावलो. ताई, तुमचं गाव सुमारे १,३०० मीटर उंचीवर. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा १२ टक्क्यांनी कमी असते. खटपट्यांचा हिशेब मुंबईचा आहे. तुमच्याकडे त्याच तरंगण्याला ६-७ टक्के जास्त शक्ती लागेल, आणि तेवढ्याच फेऱ्यांत मिळणारा जोर १२ टक्क्यांनी घटेल. या मोटरचा या पंख्यासह जोर विक्रेत्यांच्या तक्त्यात ८०० ग्रॅमच्या आसपास असतो. चारांचा ३.२ किलो, तुमच्या पठारावर २.८. मोठी बॅटरी लावली तर जोर आणि वजनाचं गुणोत्तर दोनाच्या खाली येतं. वाऱ्याच्या दिवशी ते अंगाशी येईल. ई-कॅल्कमध्ये उंची आणि तापमानाचे रकाने असतात, लोक ते तसेच सोडून देतात.

पंखापुराण

सगळ्यांचे मनापासून आभार! बटण बंदच होतं. लॅबमध्ये ११ फ्रेम पडत होत्या, आता चाळिशीत आहेत आणि ड्रोन तरंगतोय. दोन संगणकांवर बटण चालू करूनही फरक नाही. मुलं फळ्यावर पाचगणीची आकडेमोड करत बसली आहेत, मोठ्या बॅटरीवरून भांडण चालू आहे.

आता दोन शंका. कीबोर्डवर उडवणं म्हणजे शिक्षा आहे, गेमपॅड घ्यावा की रेडिओ (ड्रोनचा रिमोट)? आणि पुढे खरा ड्रोन मैदानात उडवायला परवानगी लागते का?

शेवटचा_अँपियर

त्या दोन संगणकांचा ग्राफिक्स ड्रायव्हर जुना असेल. क्रोम अशा ड्रायव्हरवर भरवसा ठेवत नाही आणि मुकाट्याने प्रोसेसरकडे वळतो. ड्रायव्हर नवा करायला लॅब सांभाळणाऱ्यांनाच गाठावं लागेल.

रेडिओ घ्या, खऱ्या ड्रोनला तोच लागणार. एजटीएक्स या सॉफ्टवेअरवर चालणारा कोणताही रेडिओ यूएसबीने जोडला की जॉयस्टिक म्हणून दिसतो, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. जोडल्यावर काहीच दिसलं नाही तर एखादं बटण दाबा. त्याआधी ब्राउझर पानाला तो दाखवतच नाही. गेमपॅडची डावी काडी सोडली की मधोमध येते, त्यामुळे साध्या मोडमध्ये थ्रॉटल (मोटरचा जोर) सांभाळणं वैतागवाणं होतं. उंची धरून ठेवणाऱ्या मोडमध्ये मात्र मधोमध म्हणजे 'आहे तिथे थांब', तिथे गेमपॅड चालून जातो.

खटपट्या

परवानगीबद्दल : ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. तुमचा मायक्रो. व्यावसायिक वापर नसेल तर त्याला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, नोंदणी क्रमांक लागतो. मान्यताप्राप्त शैक्षणिक संस्थांना संशोधनासाठी त्यातूनही सूट आहे, पण हिरव्या क्षेत्रात (जिथे उडवायला वेगळी परवानगी लागत नाही) आणि स्वतःच्या आवारात किंवा ताब्यातल्या मोकळ्या जागेत. अकरावीचा प्रकल्प त्यात बसतो का, हे प्राचार्यांकडून लेखी विचारून घ्या.

आणि सिम्युलेटरमधून खऱ्या ड्रोनच्या नियंत्रण बोर्डावर जाताना मोटरचे क्रमांक तपासा. आर्डुपायलटमध्ये एक नंबरची मोटर पुढे उजवीकडे, बीटाफ्लाइट या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मागे उजवीकडे. एकाची जोडणी दुसऱ्याला लावली तर ड्रोन लॅबमधल्यासारखाच उलटेल, आणि तेव्हा एफपीएस शोधून उपयोग नाही. बीटाफ्लाइटचं कॉन्फिगरेटर क्रोममध्येच उघडतं, त्यात एकेक मोटर फिरवून बघता येते. पंखे काढून.